सलीमच्या नावाची दौड

मुलचेऱ्याच्या पुढं, नक्षली भागातल्या जंगलात आमचा कॅम्प होता. तिथं पोस्टिंग झाली तेव्हा मी सदतीस वर्षांचा, हवालदार, आणि कंपनीचा पीटी उस्ताद होतो. उस्ताद म्हणजे सकाळी साडेपाचला शिटी मारून सगळ्यांना अंथरुणातून काढणारा आणि दिवसभर त्यांच्या शिव्या खाणारा माणूस. आमचं दल निमलष्करी. पण गावात सगळे मला फौजीच म्हणतात आणि मी दुरुस्त करत बसत नाही.

आता रिटायर होऊन मूलला, बायकोच्या माहेरगावी, राहतो. रोज पाच किलोमीटर धावतो. इथल्या रनिंग ग्रुपनं येत्या रविवारी दौड ठेवली आहे. नाव, शहीद सलीम स्मृती दौड. स्टेजवरून दहा मिनिटं मी बोलायचं. विषयही त्यांनीच ठरवला: सलीमचा फिटनेस, तरुणांना प्रेरणा. ग्रुपमधले मास्तर म्हणाले, "भाऊ, पोरायच्या अंगावर काटा आला पाह्यजे." मी हो म्हणून मोकळा झालो. घरी आलो आणि डोक्याला हात लावला. कारण सलीम फिट नव्हता. आणि हे जगात फक्त मलाच माहीत आहे, असं मी बारा वर्षं धरून चाललो होतो.

सलीम इथलाच, मूलचा. वडील बाजारात दर्जी. आम्ही एका बॅचचे, दोघंही हवालदार. ट्रेनिंगमध्ये तो माझ्यापुढं धावायचा, हे खरंच आहे. पण मग सोळा वर्षं मेसचं जेवण, संतरी ड्युटी, आणि वरून गोड खायची भारी हौस. त्या वर्षी त्याच्या अब्बांना लकवा मारला. सुटी मिळाली की तो दोन बस बदलून दुपारपर्यंत घरी पोचायचा, अब्बांना आंघोळ घालायचा, दाढी करून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. घराच्या इतक्या जवळची पोस्टिंग आमच्या नोकरीत नशिबानंच मिळते.

फेब्रुवारीत फिटनेस टेस्ट होती. पाच किलोमीटर, हातात रायफल, पाठीवर पिठ्ठू. आमच्या वयाला साडेएकोणतीस मिनिटं. नापास झाला तर मेडिकल बोर्ड, आणि तिथून उचलून कुठल्या तरी दूरच्या सेंटरला रवानगी. आदल्या दिवशी रोलकॉल झाल्यावर सलीम माझ्या बराकीत आला.

"वामन, उद्या जरा माह्याकडं पाहजो लेका."

"काय पाहजो?"

"मधात छाती भरून येते बे. आन अब्बाचं तुले माहीतच हाय."

"मंग दवाखान्यात दाखव ना."

"दाखवतो. टेस्ट तर होऊ दे."

सकाळी सव्वासहाला शिटी मारली. एकेक करून सगळे आले, सलीम नाही. वेळ संपली. मग तो वळणावर दिसला. तोंड उघडं, ओठ निळे पडलेले, पण पाय चालू. शेवटची पट्टी ओलांडली आणि रायफल छातीशी धरून उकिडवा बसला. अडीच मिनिटांच्या वर उशीर झाला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी शीटवर लिहिलं: एकोणतीस मिनिटं दहा सेकंद. पास.

मैत्रीखातर केलं. वाईट वाटणं तर सोडाच, मी दिवसभर ऐटीत फिरलो की दोस्ताच्या कामी आलो. संध्याकाळी मेसमध्ये त्यानं त्याचा गुलाबजाम माझ्या ताटात टाकला. दवाखान्यात तो गेला नाही आणि मीही परत विचारलं नाही.

मार्च संपत आला होता, मोहाची फुलं गळायला लागली होती. सकाळी दहा चाळीसला वायरलेस सेटवर आवाज आला.

"चार्ली, चार्ली, अल्फा. फायर आला. नाल्यात अडकलोय. मदत पाठवा. ओव्हर."

"अल्फा, चार्ली. कॅज्युअल्टी? ओव्हर."

"अजून नाही. ओव्हर."

चार्ली म्हणजे आमचा कॅम्प, अल्फा म्हणजे सकाळी रस्ता तपासायला गेलेली आमचीच बारा माणसं. अंतर चार किलोमीटर. रस्त्यात सुरुंगाची भीती, म्हणून गाडी नाही. शेतातून पायी जायचं, तेही पळत. कंपनी कमांडर साहेब म्हणाले, "उस्ताद, फिट लिस्ट पढो. पंद्रह आदमी. दो मिनट."

लिस्ट माझ्याच अक्षरातली होती. अकरावं नाव सलीमचं. ते गाळून पुढचं वाचायचं, एवढंच करायचं होतं. पण पास झालेला माणूस का गाळला, हे साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं असतं. मी वाचलं, "सलीम." तो म्हणाला, "हाजिर." आणि बुलेटप्रूफ जॅकेट चढवायला लागला.

दहा शेहेचाळीसला निघालो. धानाच्या रिकाम्या बांध्या, पायाखाली वाळलेली ढेकळं, डोक्यावर ऊन. दोन किलोमीटर झाल्यावर मी मागं वळून पाहिलं. सलीम सगळ्यांच्या मागं होता. मी थांबलो.

"बस बे. इथंच बस. मी सांगतो साहेबाले."

"काय सांगशील?" तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता. "चाल तू. पोरं अडकून हायेत तिथी."

तो आणखी शंभरेक पावलं धावला. बांधावर चढताना गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला. वेळ अकरा वाजून दोन मिनिटं. नर्सिंगच्या जवानानं छाती दाबली. तो थकला की मी दाबायचो, मी थकलो की तो. वीस मिनिटं. पोंचोची, म्हणजे आमच्या रेनकोटची, झोळी करून चौघांनी त्याला कॅम्पपर्यंत आणलं, तिथून गाडीनं रुग्णालयात. डॉक्टरांनी नाडी धरली आणि हात खाली ठेवला.

अल्फावर दोनच गोळ्या आल्या होत्या. आमची बाकीची माणसं पोचायच्या आतच ते नाल्यातून बाहेर पडले होते. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौकशी झाली. साहेबांनी माझं शीट बघितलं. महिन्यापूर्वी टेस्ट पास, म्हणजे माणूस फिट होता. फाईल बंद. मी समोर सावधानमध्ये उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आता उगीच मोठं कारण शोधणारही नाही.

मूलच्या कब्रस्तानात सलामी झाली. नंतर मी घरी गेलो. अब्बा खाटेवर होते, जीभ जड झाली होती तरी त्यांनी विचारलं, "गोली कहाँ लगी?"

मी म्हणालो, "सीने में."

तेव्हापासून धावतो. पावसात, तापात, पुतण्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा धावलो, आणि बायकोनं सगळ्या पाहुण्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. ग्रुपची पोरं विचारतात, भाऊ, रोज एवढी प्रेरणा आणता कुठून? बाबांनो, प्रेरणा कसली? लाज वाटते म्हणून धावतो. ज्या माणसानं दुसऱ्याचा वेळ खोटा लिहिला, त्यानं निदान स्वतःचा तरी खरा धावावा, एवढंच आहे ते. तुम्ही धावता ते चांगलंच आहे. पण छाती भरून आली तर आधी डॉक्टरकडं जा, आणि तुमच्यासाठी घड्याळ मागं करणाऱ्या दोस्तापासून चार हात लांब राहा.

रविवारी रुखसाना भाभी पाहुण्या म्हणून स्टेजवर बसणार आहेत. सलीमची बायको. मी दहा मिनिटं त्यांच्यासमोर उभं राहून काय सांगू? गुरुवारी सकाळी त्यांच्याकडं गेलो. एवढी वर्षं गावात राहून मी ती गल्ली टाळत आलो होतो. अब्बा आता नाहीत. दुकानात त्यांच्याच मशिनवर भाभी शिवतात. मला बघून त्या उठल्या, पाणी दिलं आणि पुन्हा मशिनवर बसल्या. मी पाणी तसंच हातात धरून बोललो.

"भाभी, सलीम त्या टेस्टमध्ये पास नव्हता झाला. मी पास लिहून देल्लं. अब्बाले बी मी खोटं बोललो. गोळी नव्हती लागली."

मशीन थांबली. मला वाटलं आता हाकलतील. हाकलायलाच पाहिजे होतं.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "गोळी नाई, हे तं कागदावरच होतं. आन टेस्टच्या रोजी त्याचा फोन आल्ता. वामननं पास लिवून देल्लं म्हणे. खुश होता लय."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मीच पाठवलं होतं भाऊ त्याले तुमच्यापाशी. वामनभाऊले म्हण, म्हटलं, ते तुले नाई नाई म्हणणार. तो म्हणे, असं बरं नाई दिसत. मी भांडली त्याच्यासंग. अब्बाले मी एकटी कशी उचलू, काऊन समजत नाई तुले, म्हटलं." त्यांनी ओढणी तोंडाला लावली. मग म्हणाल्या, "तुमी बाजारात दिसले का मी मागं फिरो. वाटे, एक दिवस हे मले विचारतीन, बाई, काऊन पाठवलं होतं त्याले?"

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, दर्जीच्या दुकानात, रस्त्यावरून लोक जात असताना. त्याही रडत होत्या. मी त्यांना म्हणालो की तुमची चूक नाही. त्याही मला तेच म्हणाल्या. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

उठताना मी म्हणालो, "मी मास्तरले सांगतो, मी बोलत नाई रविवारी."

"किती मिनिटं लागले होते त्याले?" भाभींनी विचारलं. "खरे."

बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"बत्तीस मिनिटं दहा सेकंद."

"मधात थांबला होता?"

"नाई भाभी. पुरा धावला."

त्यांनी डोळे पुसले आणि कापड सुईखाली सरकवलं.

"मंग बोला," त्या म्हणाल्या. "बत्तीस मिनिटं लागले म्हणा. फेल झाला म्हणा. आन पुरा धावला, हे बी सांगा."