उसवलेली अमानत

सवरीगुल विमानतळावर सामान तपासायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातून सुईसुद्धा सुटली नाही, असं तिचे साहेब सांगायचे. गावातल्या बायका तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगायच्या, "अल्लासमोर पाप कबूल करणं परवडलं, पण हिच्यासमोर बॅग उघडणं नको." हे तिच्या कानावर जायचं आणि खोटं कशाला सांगू, तिला ते आवडायचंही.

आठवड्यातून दोनदा मॉस्कोचं विमान उतरायचं. बांधकामावर राबून आलेली आमची माणसं त्यातून बाहेर पडायची आणि प्रत्येकाकडे कोणा ना कोणाची अमानत असायची. कोणी गावाला निघाला की बाकीचे आपापलं पुडकं कापडात शिवून त्याच्या हाती देतात. आत काय आहे ते विचारायचं नाही, शिवण उसवायची नाही, आणि वाटेत काहीही झालं तरी मालकाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. हे जो पाळत नाही त्याला आमच्यात कोणी मुलगी देत नाही. सवरीगुल मात्र कात्री घेऊन त्या शिवणी खुशाल उसवायची. सरकार तिला त्याचाच पगार देत होतं.

चहाच्या वेळी बरोबरीची मुनझिफा कधीकधी तोंड सोडायची. "आपा, सीमेवरच्या पांज नदीच्या पलीकडून अफूच्या गोण्याच्या गोण्या येतात म्हणे, काळ्या काचांच्या गाड्यांतून. त्या गाडीवाल्यांनी कधी आपल्यापुढे बूट काढलेत? आपण धरतो कोणाला, तर आईसाठी दुखण्यावरच्या चार गोळ्या आणणाऱ्याला."

"गोळी ती गोळी," सवरीगुल म्हणायची. "आज आईच्या नावानं येते, उद्या शाळेच्या मागे विकली जाते. नियमात पाणी घातलं की त्याचं ताक होतं, बाई. मग ते कोणीही ढवळावं."

आणि मग वसंतात तिच्याच नवऱ्याच्या हाडात कर्करोग निघाला. हिकमत म्हणजे गावातला बसचालक, घाटात बस बंद पडली तर प्रवाशांना गाणी म्हणून दाखवणारा माणूस. तो उशीचं टोक दातांत धरून पडून राहू लागला. दुखणं थांबवणारं औषध मिळायचं, नाही असं नाही. त्यासाठी तीन डॉक्टरांच्या सह्या लागायच्या, ते राजधानीतून, दुशान्बेहून यायचं, आणि आधीच्या रिकाम्या कुप्या मोजून परत केल्याशिवाय पुढच्या मिळायच्या नाहीत. एकदा सवरीगुलच्या हातून एक कुपी फुटली. काचा रुमालात बांधून ती दवाखान्यात घेऊन गेली, तर समोरची बाई म्हणाली, "काचा कुप्यांत धरत नाहीत, आपा. नियम आहे." हेच वाक्य ती स्वतः एकोणीस वर्षं बोलत आली होती. त्या दहा दिवसांत हिकमतच्या उशीचा अभ्रा फाटून गेला.

तिचा मुलगा सियोवुश मॉस्कोत होता. फोनवर बापाचा आवाज ऐकला की तो औषध मिळालं का, तेच पुन्हा पुन्हा विचारायचा. एकदा त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "आई, पुढच्या आठवड्यात तुझी ड्यूटी कधी?"

"बुधवारी. शनिवारी सुट्टी. का रे?"

"काही नाही. असंच."

पण मुनझिफाच्या मुलीचं लग्न निघालं, आणि तिची शनिवारची ड्यूटी सवरीगुलनं आपणहून घेतली.

शनिवारच्या विमानातून दावरोन उतरला. हा पलीकडच्या आळीतला, सियोवुशच्या बरोबरीनं वाढलेला, दोन मुलींचा बाप. सवरीगुलला पाहून त्याचा चेहरा पडला, पण ती मान खाली घालून तपासणी यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. त्याच्या बॅगेत कापडात शिवलेलं पुडकं होतं, पुडक्यात कापूस भरलेलं जाकीट, आणि त्या कापसात गोळ्यांच्या पट्ट्या. तिनं सवयीनं कात्री चालवली. पट्ट्यांबरोबर घडी घातलेला कागद निघाला. "बाबा, सकाळी अर्धी, झोपताना एक. आईला सांगू नका, तिची नोकरी जाईल."

अक्षर तिच्या पोराचं होतं.

"कोणाची आहे ही?" तिनं विचारलं, उगाचच. तिला कळलं होतं.

दावरोन हळूच म्हणाला, "तुमचीच, मावशी. आत काय आहे ते मी विचारलं नाही."

तेवढ्यात कप्तानसाहेब आले. पट्ट्या पाहून त्यांनी दावरोनचा दंड धरला. "कोणी दिलं? नाव सांग."

दावरोन सवरीगुलकडे बघत राहिला. मालक समोर उभा असताना नेणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं, मालकानं उघडायचं. तो वाट बघत होता. आजारी बापासाठी आलेलं औषध आहे, एवढं त्या कागदावरून कोणालाही कळलं असतं. सवरीगुलला घरी एकटा पडलेला नवरा दिसला, मॉस्कोतला पोरगा दिसला, स्वतःच्या हातातल्या बेड्या दिसल्या. तिनं तो कागद मुठीत चुरगळून बाहीत सरकवला. दावरोननं ते पाहिलं.

"माहीत नाही म्हणतो," ती साहेबांना म्हणाली.

घरी जाऊन तिनं कागद तंदूरमध्ये टाकला आणि त्याच तंदूरमध्ये हिकमतसाठी रोटी भाजली. त्यानं ती खाल्ली नाही.

दावरोननं कोर्टातही एवढंच सांगितलं, की बाजारात कोणीतरी दिलं. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. सियोवुश फोनवर रडला, म्हणाला, "मी येऊन सांगतो सगळं." तिनं त्याला शपथ घातली, "बाप चाललाय, आता तूही जाऊ नकोस." तो आला नाही, आणि त्यानंतर फोनही कमी झाले. हिकमत शरदात गेला. शेवटचे चार दिवस त्याला ओरडायचीही ताकद नव्हती, नुसतं तोंड उघडं राहायचं. लोक म्हणाले, सुटला. सवरीगुल मनात म्हणाली, मी ते औषध दारात अडवलं नसतं तर दुखण्यातून त्याआधीच सुटला असता.

हिकमतचा चाळिसावा दिवस झाला तशी ती रोट्या, सुके जर्दाळू आणि लोकरी मोजे घेऊन तुरुंगात भेटीला गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. कागद नसला तरी तोंड आहे, दावरोनसमोर बोलायचं आणि तिथूनच साहेबांकडे जायचं. फाटकावर एका पोरसवद्या बाईनं तिचे बूट काढायला लावले, प्रत्येक रोटीत लोखंडी सळई खुपसली, मोज्यांची शिवण उसवली. सवरीगुल थंड फरशीवर अनवाणी उभी राहिली.

दावरोन काचेच्या पलीकडे येऊन बसला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. तिनं तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"काका गेल्याचं कळलं, मावशी. फार दुखलं का शेवटी?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्यानं छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. "तुमच्या घरची अमानत माझ्या हातून पोचली नाही. इथे रोज तेच मनात येतं. मला माफ करा."

आता बोलायचं होतं. यासाठीच तर ती आली होती. मागून पहारेकरी म्हणाला, वेळ संपत आली. दावरोन मान खाली घालून तिच्या उत्तराची वाट बघत होता, त्या शनिवारी बघितली होती तशीच.

"केलं, बाळा," सवरीगुल म्हणाली. "केलं माफ."