सलीमभाईंनी बसवलेली बाटली

दिग्रसला सलीमभाईंच्या गॅरेजात गाडी नेली की काम एक व्हायचं आणि किस्से चार गोळा व्हायचे. मी भाड्याने गाडी चालवायचो, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठले.

आमच्या जुन्या गाड्यांना रेडिएटरमधून उतू जाणारं पाणी धरायला टाकीच नसायची. इंजिन तापलं की पाणी रस्त्यावर. एकदा शाळेतल्या गुरुजींनी घाईत तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. कोपरापर्यंत हात भाजला. सलीमभाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. येताना एवढंच म्हणाले, "गुरुजी, वर्गात तं पोरं शांत झाल्याबिगर तुमी फळ्याकडं वळत नोहते."

ते ऐकून, तापलेलं झाकण उघडायची वेळच येऊ नये म्हणून, मी टाकी बसवायला सांगितली. सलीमभाईंनी भंगारातल्या गाडीची प्लास्टिकची बाटली लावली आणि रेडिएटरपासून नळी आणून तिच्या तळापर्यंत सोडली. आर्णीला जाऊन आलो, तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा. मी तणतणत परत गेलो. दोष झाकणाचा निघाला. ते पाणी बाहेर सोडायचं, पण परत आत ओढू द्यायचं नाही. झाकण बदलताना सलीमभाई म्हणाले, "सोडून देणं कोणालेबी जमते. वापस घेणारं पाह्यजे."

कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती आणि लोक फवारणीवर फवारणी करत होते. एका दुपारी शोभाबाईने माझी गाडी अडवली. तिचा नवरा गजानन फवारता फवारता शेतातच कोसळला होता. त्याला मागच्या सीटवर घेतलं आणि यवतमाळची वाट धरली. सुटे भाग आणायला निघालेले सलीमभाई माझ्या शेजारी बसले होते.

आर्णीच्या पुढे इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. मला थांबायचं नव्हतं.

"थांबला तं दहा-पंधरा मिनिटं जातीन," सलीमभाई म्हणाले. "इंजिन बसलं तं सारंच जाईन."

थांबलो. एका ट्रकला हात केला, तो निघून गेला. बॉनेट उघडलं, तर बाटलीतलं पाणी आणखीच वर चढत होतं. गजाननचा श्वास घरघरत होता. शोभाबाई उघड्या दाराशी त्याचा हात धरून, बॉनेटकडे तोंड करून उभी होती. बऱ्याच वेळाने इंजिन निवायला लागलं, तसं पाणी खाली सरकलं. एक बोट, मग दोन बोटं. बाटलीवरच्या खुणेपर्यंत आल्यावर सलीमभाईंनी बॉनेट लावलं.

यवतमाळला डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं.

पंधरा-वीस दिवसांनी गजानन आपल्या पायाने गॅरेजवर आला. शोभाबाईने मला बॉनेट उघडायला लावून त्याला ती बाटली दाखवली. तो बॉनेटखाली वाकला. मग त्याने तिला विचारलं, गाडी थांबली तेव्हा मी कसा दिसत होतो?

शोभाबाई पदराने बाटलीवरची धूळ पुसत होती.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी तं ह्या पाण्याकडंच पाहून राह्यली होती. तुमच्याकडं पाहाची हिंमतच नोहती."