दोन छोटे, एक लांब

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या एका औषध कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. पुरावा असल्याशिवाय आम्ही साधी बाटलीसुद्धा पुढे जाऊ देत नाही. हॉस्टेलवर मैत्रिणी भुताच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी खुशाल घोरत पडायचे. ह्या ग्रुपवरचे तुमचे अनुभवही मी आजवर वाचले आणि गालातल्या गालात हसले. आता हसायची पाळी तुमची.

२०२० सालचा ऑगस्ट. माझी आई फेब्रुवारीत माझ्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आयर्लंडला आली होती. बाबा मे महिन्यात येणार होते आणि मग आम्ही सगळे इटलीला जाणार होतो. इटलीचं खूळ बाबांचं! शेतीपंप विकायला ते जन्मभर गगनबावड्याच्या आणि आंबा घाटात गाडी चालवत फिरले. इटलीच्या समुद्रकाठच्या रस्त्याचे व्हिडिओ बघून त्यांनी जाहीर केलं होतं, "गाडी मीच चालवणार. वळणावळणाला हॉर्न मारतात ग ते लोक! आपलीच माणसं आहेत."

बाबांचा स्वतःचा हॉर्न ठरलेला होता. दोन छोटे, एक लांब. घाटात तोच, आणि घरी परतताना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही तोच. कोपऱ्यावर वाजला की आई चहाचं आधण ठेवायची. 'पोचलो' एवढाच त्याचा अर्थ.

मार्चमध्ये विमानं बंद झाली. जूनमध्ये बाबा झोपेतच गेले... आईला जाता आलं नाही. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला, तोही मध्येच अडकला, आणि पुन्हा लागला तेव्हा माणसं स्मशानातून परत निघाली होती. आई रडली नाही. तिने फक्त चहा सोडला. मी विचारलं तर म्हणाली, "येतो म्हणून सांगितलं होतं की त्यांनी. पोचलेच न्हाईत. मी चहा कुणासाठी टाकू?"

तिच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं. माणूस निघाला, आणि कुठे पोचला ते कळलंच नाही. ती दिवसभर ओवीला, म्हणजे माझ्या लेकीला, मांडीवर घेऊन खिडकीत बसायची. जेवण दोन घास. बाबांच्या मागोमाग हिलाही घालवून बसतेय की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली होती.

एका शनिवारी ऊन पडलं. नवरा, निनाद, हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होता. मी म्हटलं, "चल आई, तुला इथल्या समुद्रकाठची इटली दाखवते." निघालो तिघी. पुढची सीट रिकामी. तिच्यावर माझ्या चहाचा थर्मास. आई मागे, ओवीच्या शेजारी.

किन्सेल गावातली रंगीबेरंगी घरं बघून आई म्हणाली, "रंग बरे मारलेत." बस्स. मग टिमोलीग. तिथे खाडीच्या अगदी काठाला एक जुना, छप्पर उडालेला मठ आहे आणि आत कबरी. काही कबरींवर ताजी फुलं होती. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. "ह्यांची माणसं येऊन जात असतील," एवढंच म्हणाली. मला वाटलं, उगाच आणलं हिला.

तिथून समुद्राकडे जाताना फोनने आम्हाला एका बोरीनमध्ये घातलं. बोरीन म्हणजे इथली शेतातली चिंचोळी वाट. मधोमध गवत उगवलेलं, आणि दोन्ही बाजूंनी गाडीपेक्षा उंच कुंपणाची झुडपं. फ्युशियाची लाल फुलं काचेवर घासत होती.

चढ होता आणि पुढे आंधळं वळण.

"हॉर्न मार की ग," मागून आई म्हणाली.

"आई, इथे कुणी मारत नाही. उद्धटपणा वाटतो लोकांना."

"वाटू दे की! पलीकडनं कोण आलं म्हणजे?"

मी काही बोलणार तेवढ्यात हॉर्न वाजला. समोरून, अगदी वळणावरून. दोन छोटे... एक लांब.

मी करकचून ब्रेक मारला. आवाज जुन्या गाडीचा होता, जरा बसका. खरं सांगते, भीती अजिबात वाटली नाही. शाळेतून येऊन दप्तर फेकावं आणि बाबांची गाडी गल्लीत वळावी, तसं वाटलं. आईचा हात मागून माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वळण घेतलं. पलीकडे उतारावर ट्रॅक्टर, मागे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर. सगळी वाट अडवून, एका शेताच्या फाटकात नाक खुपसून उभा. आम्ही थांबलो नसतो, किंवा तो थांबला नसता, तर... मी वळून ओवीकडे बघितलं. ती मजेत पायाचा मोजा ओढत होती.

एक म्हातारा शेतकरी उतरून आला. "ग्रँड, ग्रँड, नो हार्म डन." मग त्याने आमच्या गाडीत वाकून बघितलं, मागच्या रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बट वेअर्स युअर मॅन?"

मागे आई ताठ बसली.

त्याचं म्हणणं, हॉर्न आमच्या बाजूने वाजला, म्हणून तर तो फाटकात घुसून थांबला. मी म्हटलं, आम्ही तुमच्या बाजूने ऐकला. मी माझा हॉर्न वाजवून दाखवला. किरटा. त्याने मान हलवली. मग त्याने ट्रॅक्टरचा वाजवला. घोगरा, भसाडा. तोही नव्हे. मध्ये दुसरी गाडी नाही, फुटणारी वाट नाही. शेवटी त्याने डोकं खाजवलं, ट्रॅक्टर आणखी आत घेतला, आणि आम्ही जाताना इथल्या पद्धतीने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून निरोप दिला.

"काय म्हणाला ग तो?" आई. "युवर मॅन? तुझा माणूस कुठाय, असंच न्हवं?"

"आई, इथे कुणालाही युअर मॅन म्हणतात. म्हणजे तो कुणी बुवा... अमका तमका."

"असू दे. विचारलं की न्हाई त्यानं?"

समुद्रावर पोचलो. गाडी थांबताच आई म्हणाली, "चहा हाय का त्या थर्मासात?"

तिने दोन कप भरले. एक पुढच्या रिकाम्या सीटसमोर, डॅशबोर्डवर ठेवला. दुसऱ्याचा घोट घेतला. "साखर कमी घातलीस. त्यांना चालला नसता," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. जूननंतर पहिल्यांदा. मी तिला रडू दिलं, आणि मीही रडले.

नंतर निनादला घेऊन मी पुन्हा तिथे गेले. कुंपणाला कुठेही फट नाही. निनाद म्हणाला, प्रतिध्वनी असेल. असेलही. पण प्रतिध्वनीला आधी कुणीतरी हॉर्न वाजवावा लागतो ना? भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि ह्या हॉर्नचं उत्तरही माझ्याकडे आजवर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला जरूर सांगा, आईला मात्र सांगू नका.

ती आता कोल्हापुरात असते, सकाळ-संध्याकाळ चहा घेते. मध्ये एकदा फोनवर धीर करून विचारलं, "आई, तो हॉर्न तुला परत कधी ऐकू आला का ग?"

"परत कशाला?" ती म्हणाली. "पोचलो म्हणून एकदाच वाजवायचा असतोय."