साइट क्लिअर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज शेजारची मुलगी गॅलरीत पाठ करत होती, "डिमॉलिश म्हणजे पाडणे, डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट करणे." नगरपालिकेत असताना मी कित्येक झोपड्या पाडल्या, पण यातला एकही शब्द कधी उच्चारला नाही. आम्ही म्हणायचो, "साइट क्लिअर करा." जणू केरच काढायचा होता.

एकदा शेवंताबाई नावाची एक बाई अर्धा शिजलेला भात पातेल्यासकट उचलून झोपडीबाहेर आली. "साहेब, घर मोडताय माझं. निदान तसं म्हणा तरी!"

मी मुकादमाकडे वळलो. "पुढचं क्लिअर करा."

नंतर ती बाजारात दिसली की मी रस्ता बदलायचो. परवा कळलं, ती गेली. माझं तिला एवढंच म्हणायचं राहिलं, "शेवंताबाई, तुमचं घर मी मोडलं. मला माफ करा."