कडू घास

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, त्याला म्हणायचं कडू घास. मावळातल्या नवलाख उंबरे गावात पन्नास वर्षं सगळ्यांच्या आधी पोचायचा तो सरूबाईंचा. भांडण असो, अबोला असो, टोपली डोक्यावर घेऊन बाई हजर! नुसतं ठेवून निघायचं नाही. समोर बसून खायला लावायचं. "खा गप. उपाशी डोळ्याला पानी बी येत न्हाई."

मग कारखाने आले. आळीतली घरं तळेगावला फ्लॅटमध्ये गेली, मागे उरल्या भाड्याच्या खोल्या. बिहार, ओडिशा, लातूर, कुठकुठली माणसं. "पाखरं हायती. आज हितं, उद्या कुटं," सरूबाई म्हणायच्या. तरी मागच्या वर्षी ओडिशाच्या पायलचा बाप तिकडे वारला आणि दिवस भरत आलेले म्हणून तिला जाता येईना, तेव्हा टोपली तिच्या खोलीतही गेली. बाप हजार मैलांवर, आणि ही म्हातारी इथे खा म्हणून दटावतेय! पायलला तेव्हा तिचे शब्द काही कळले नाहीत. पण रडत रडत जेवली.

यंदा माघात सरूबाईंचे मालक, निवृत्तीआबा, गेले. पोटी मूल नाही. सकाळी माती आटोपली आणि भाऊबंद गाड्या काढून तळेगावला परतले. सरूबाई भिंतीला टेकून बसल्या. दुःख होतंच, पण खोटं कशाला सांगा, कान दाराकडे होते. आपल्या दारी घास येतो का? जुन्यांतली शेजारीण उरली होती एकटी भागुबाई, तीही आंधळी. ती नुसतीच येऊन बसली होती. दुपार कलली. कोणी नाही. संपलं गाव, आबा सुटले, सरूबाईंनी मनाशी म्हटलं.

कारखान्यांची पहिली पाळी सुटली, आणि खोल्यांच्या जिन्यावर चपला वाजल्या. एकामागून एक माणसं उतरत होती, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. लिट्टी, ज्वारीच्या भाकरी, भाज्या घातलेलं वरण. एकाने तर शिरा!

"मयताला गोड? कोन रं त्यो येडा?" भागुबाई वासावरूनच कडाडली.

"भागे, गप."

पायल पोराला कडेवरून उतरवून समोर मांडी घालून बसली. "खा गप, मावशी," तिने दटावलं, अस्सल मावळी हेलात. "उपाशी डोळ्याला पानी बी येत न्हाई."

सरूबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. हे शब्द त्यांच्या सासूचे. सासूला जाऊन चाळीस वर्षं झालेली. ही पोर तेव्हा जन्मलीही नव्हती.

त्यांनी घास उचलला. शिऱ्याचाच. आणि सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे भरून आले.