तात्यांचा कापलेला सीन

"सांगा घरात." कृष्णाततात्यांचं हे कायमचं बोलणं. पाहुणा जेवायला थांबणार असो, म्हैस आटलेली असो, नाहीतर पोराचा फोन आलेला असो. तात्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, कुणाचंही नाव न घेता हवेत दोन शब्द सोडायचे आणि आतून त्यांची बायको ते झेलायची. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलू नये, ही त्या घराची जुनी रीत. वाईच्या आसपास आता ती फारसं कुणी पाळत नाही, पण तात्यांच्या जिभेला पडलेली सवय काही सुटली नाही.

मग बायको गेली. एकुलता मुलगा सौमित्र फौजेत. घरात उरली दोनच माणसं, तात्या आणि सून सोनिया. मधला दुवाच राहिला नाही, तसे तात्या म्हशीशी बोलू लागले. "आज रानातनं यायाला उशीर हुईल गं," असं म्हशीला सांगितलं, की आत सोनिया भाकरी झाकून ठेवायची. तीही काही कमी नव्हती. "गोळी घेतली का न्हाई, कुणाला ठावं," असं ती चुलीला विचारायची. घर चाललं होतं त्याच्या त्याच्या चालीनं.

अडलं ते नोकरीपाशी. सोनियाला सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतली जागा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं, तिकडंच खोली घेऊन राहायचं. आणि ही जाईना. सौमित्रनं फोनवरून सांगितलं, "अगं, तात्या जा म्हणत्यात."

"तुमी मनचं सांगताय," सोनिया म्हणाली. "त्यांच्या तोंडनं ऐकल्याबिगर मी न्हाई जायची. त्यांच्या मनात नसलं, तर मागं एकटं माणूस कुढत बसंल."

तात्यांनी हे गोठ्यातून ऐकलं. हातातली वैरण हातातच राहिली. त्यांच्या मनात तर ती जावी असंच होतं. पोरगी शिकली ती काय शेण काढायला? त्यांनी लगेच म्हशीला बजावलं, "चांगली नोकरी हाय. सोडू नये माणसानं."

आतून सोनियानं चुलीला उत्तर दिलं, "म्हशीला सांगितलेल्यावर कुणी नोकरी धरतं व्हय?"

तेव्हापासून तात्यांना चैन नव्हती. पायतान घालायचे, वेशीपर्यंत जायचे, परत यायचे. वाक्य जुळवायचे, आणि सोनिया पाण्याचा तांब्या घेऊन समोर आली, की तांब्या घेऊन गोठ्याकडे वळायचे. जीव टांगणीला लागला होता, पण एक आशा होती. शुक्रवारी पिक्चर लागणार होता.

ती गोष्ट मागल्या हिवाळ्यातली. नदीकाठी शूटिंगवाले उतरले होते. त्यांना बैलगाड्या आणि माणसं पुरवणारा गावचा शंभूराज तात्यांना धरून घेऊन गेला. काम एवढंच होतं: सून शहराकडे निघाली आहे, म्हाताऱ्या सासऱ्यानं तिला एसटीत बसवून निरोप द्यायचा. कागदावरचं वाक्य साखरेत घोळवलेलं. तात्यांना ते तोंडात धरवेना. कॅमेरा सुरू झाला, नटीनं पदर सावरला, आणि तात्यांना तिच्या जागी सोनियाच दिसली. मग कागद राहिला बाजूला. पोटातलं होतं ते सगळं ओठावर आलं. नटी आपलं पुढचं वाक्य विसरली. सोनिया त्या दिवशी साताऱ्याला परीक्षेला गेली होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आता तात्यांनी मनात मांडलं होतं, की आपल्याला जमत नाही ते पडदा करील. तिनं नुसतं ऐकावं. म्हशीपेक्षा पडदा बरा, त्याला माणसाचं तोंड तरी असतं.

शनिवारी शंभूराजच्या जीपमधून तिघं साताऱ्याला गेली. थिएटरात तात्या एका कडेला, सोनिया दुसऱ्या कडेला, मध्ये शंभूराज. तात्या खुर्चीत टेकेनात. पटका काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा बांधला.

"तात्या, गप बसा की. मागचं लोक वराडत्यात."

"आला रं आला, आता माझा आला," तात्या कुजबुजले. एसटी दिसली. नटी आत चढली. खिडकीशी बसली. तिनं वळून मागं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि लगेच शहरातला रस्ता, गाड्या, गाणं.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आयला, ही कुणाकडं बघून रडतीया?"

तात्या उभेच राहिले. "आरं, मी कुठाय?"

"कापलं वाटतं," शंभूराज हळूच म्हणाला. "लांबी वाढली आसंल."

पुढचा पिक्चर तात्यांनी पाहिला नाही. त्या नटीचं रडणं त्यांना सारखं टोचत होतं. रडायचं कारण कापलं आणि रडणं ठेवलं, ही कुठली रीत? आणि परवा सोमवार.

बाहेर शेंगांच्या गाड्यापाशी तिघं थांबली. सोनियानं पदर कपाळावर ओढला आणि शंभूराजकडे बघत म्हणाली, "भाऊजी, मामंजींना इचारा, काय बोलले हुते त्यात?"

"तात्या, इचारत्यात काय बोललासा."

"सांग की त्यास्नी तू. हुतास की तिथं."

"मी काय टपालपेटी हाय व्हय दोघांची?" शंभूराज वैतागला. पण नाटकाची हौस दांडगी. त्यानं छाती फुगवली, एक हात आभाळाकडे केला. "जा लेकी जा! सासरचं नाव उजळून ये! हा म्हातारा तुझ्या वाटेवर डोळ्यांच्या पणत्या लावून..."

"आरं थूत! तसं न्हवतं!" तात्या कडाडले. "पणत्या कसल्या लावतोस? इस्कोट केलास समद्याचा. सर बाजूला."

त्यांनी शंभूराजला हातानं मागं सारलं. समोर सोनिया होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि नजर काढली नाही.

"पोरी, जा तू. माझ्यासाठी मागं राहू नगंस. भाकरी मला येती. वाकडी हुती, पर पोटात गेल्यावर कोण बघतंय? सांजचं घर खायाला उठंल, ते म्या कशाला लपवू? पर तू हितं बसून माझी भांडी घासलीस, तर मला ते घर त्याच्यापरीस जास्ती खाईल. तुला माझ्या तोंडनं ऐकायचं हुतं न्हवं? मग ऐक. जा, सोनिया."

सुनेचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं. शेंगवाल्याचा हात कढईत थांबला.

शंभूराजकडे न बघता सोनिया म्हणाली, "मामंजी, सोमवारी पहाटंच्या गाडीनं निघते मी."

तात्यांनी मान हलवली. पुढं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते वळले आणि चालू लागले.

"तात्या, आवं जीप हिकडं हाय!" शंभूराज ओरडला.

"जाऊ द्या त्यांना," सोनिया म्हणाली.

"पिक्चरमधलं हाय व्हय ह्ये?" शेंगवाल्यानं विचारलं.

"हाय," शंभूराज म्हणाला, "पर कापलंय."

उन्हात रिक्षांच्या गर्दीतून तात्यांचा पटका दिसत होता, मध्येच झाकत होता. पाठ ताठ, चाल भरभर, आणि एक हात अजून हलत होता, जणू काही सांगायचं राहिलंच होतं. चौकातून ते वळेपर्यंत शंभूराज आणि शेंगवाला पाहत राहिले. ते वळल्यावरही सोनिया तिकडेच पाहत होती.