आसरांचा दगड

शनिवारी कचेरी अर्धा दिवस भरून सुटली की सांडू कारकून गुलमंडीत खिळे, तार किंवा एखादी बिजागरी विकत घेई आणि फुलंब्रीची मोटार पकडी. तिथून शेत दीड कोस. रविवारच्या संध्याकाळपर्यंत त्याचे हात थांबत नसत. वाहून गेलेला बांध धरायचा, कुंपणाची बाभळीची काटी बदलायची, गव्हाण लिंपायची, छपराचा उचकटलेला पत्रा बसवायचा. ही कामे त्याला कोणी सांगितलेली नव्हती. शेतावरच्या त्या घरात त्याला स्वस्थ बसता येत नसे, एवढेच खरे. ते का, हे त्याने स्वतःला विचारले नव्हते.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला वीस वर्षे झाली त्या साली शिवारात विजेचे खांब आले. सांडूने विहिरीवर पंप बसवायचे ठरवले. पंपाला काठावर सिमेंटचा ओटा हवा होता आणि ओट्याला योग्य जागा एकच होती. तिथे आसरांचा दगड होता. पाण्यातल्या या देवतांना वस्तीतल्या बायका अमावास्येला हळदकुंकू वाहत. सांडूची आई भागूबाई रोज पहिला पोहरा त्या दगडावर ओती, मगच घरात पाणी येई.

"दगड चार हात सरकवतो, माय. आसरांचं काय बिघडतंय?"

"हात लावू नको."

"मशीन बसली की रहाट सुटला तुझा. ह्या वयात वढायचा शौक हाय का?"

"व्हय, हाय शौक. तू जा, तुझ्या फायली वढ."

पुढच्या रविवारी ती शेजारच्या मनकर्णाबाईकडे डाळ भरडायला गेली, तेव्हा त्याने पहार घालून दगड उचकटला. खालच्या मातीत एक गंजलेला दाभण निघाला, रजई टाचण्याचा. आसरांना बांगड्या वाहतात, खण वाहतात. दाभण कोणी वाहत नाही. तो हातात घेऊन सांडू उभा होता तेव्हा भागूबाई परतली. तिने आधी उपटलेली जागा पाहिली, मग त्याचा हात, आणि ती खाली बसली.

"कुणाचा हा?"

"खातूनबीचा."

खातूनबी पिंजारीण दर हिवाळ्यात वस्तीवर येऊन कापूस पिंजायची, रजया भरून द्यायची. तिच्या पिंजणाच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा आवाज सांडूला आठवत होता. ॲक्शननंतर ती दिसली नाही. हैदराबादला गेली, असे त्याला सांगण्यात आले होते आणि त्यावर त्याने दुसरा प्रश्न केला नव्हता.

"भर दुपार व्हती," भागूबाई म्हणाली. "ॲक्शन झाली तवा मुसलमान दिसंल तिथं मारत व्हते. तिच्या नवऱ्याला आदल्या दिशी मारलेलं. हिच्या मागं माणसं लागलेली, कुठली कुणाला ठाव. दार वाजवलं. भागूबाई, कणगीमागं बसू दे, म्हणली. तुझा बाप गावात गेलेला. मी कडी लावली."

तिने त्याच्या हातातला दाभण घेतला. मग म्हणाली, "नाय. कडी तू लावली. मी म्हणले, लाव. तुझा हात पुरत नव्हता, तर घडवंचीवर चढलास."

घडवंचीवर चढल्याचे सांडूला आठवत होते. आईने त्या दिवशी त्याला शहाणा म्हटले होते, आणि ते कौतुक त्याने वीस वर्षे जपले होते. ते कशाबद्दल होते, एवढेच त्यातून गळून गेले होते.

"मग?"

"मग दार वाजायचं थांबलं. हिरीत आवाज झाला. तिसऱ्या दिशी माणसांनी वर काढली. दाभण आपल्या वसरीत पडला व्हता." तिने पदराने दगडावरची माती पुसली. "पिंजारणीच्या नावानं दगड मांडला असता, तर कुणी ठिवला असता का? आसरा म्हणलं, तवा राहिला. आता मी गेल्यावर तिला पाणी कोण घालंल?"

सांडूने दगड पंपाच्या पलीकडे, विहिरीला लागूनच पक्का बसवला. पाणी मी घालीन, असे त्याने आईला सांगितले. पण ज्या दगडापुढे माणसे वाकतात त्याचे नाव दडवणे म्हणजे ती कडी अजून लावलेलीच ठेवणे, असे त्याला वाटू लागले. पौषातली अमावास्या रविवारी आली. पाच-सहा बायका ताटे घेऊन आल्या, पुढे मनकर्णाबाई. सांडूने हातातला पाना खाली ठेवला. दगड कुणाचा आहे आणि दार कुणी लावले, दोन्ही त्याने सांगितले.

कोणी दचकले नाही. मनकर्णाबाईने कुंकवाचे बोट दगडाला लावले.

"झालं सांगून?"

"तुम्हाला ठाव व्हतं, काकू?"

"समद्यांना ठाव हाय. ती तुमच्या दारी शेवटी आली, सांडू. वरल्या अंगानं पळत आली ना. तिकडून येताना आधी आमचं दार लागतं. मग हिचं, मग हिचं." तिने मागे न पाहता बायकांकडे हात केला. "नाव घेऊ नको. एक नाव घेतलं की मागून समद्यांची निघतील."

भागूबाई ओसरीतून हे ऐकत होती. आपल्या एकटीचेच दार बंद होते, असे समजून तिने इतकी वर्षे काढली होती. ती उठून विहिरीपर्यंत आली.

"मनकर्णे, मग मला एकटीलाच का गं पाणी घालू दिलं?"

मनकर्णाबाईने ताट उचलले. तिच्याकडे न पाहता ती म्हणाली, "तू घालत व्हतीस, म्हणून आम्हाला घालावं लागलं नाय."